वाराणसीचे घाट, बिनतारी लहरींची गर्दी आणि अँटेनाची निवड

भारत संचार निगम लिमिटेडने वाराणसीच्या दशाश्वमेध घाटावर २०१५ मध्ये वाय-फाय सेवा सुरू केली. अशा ठिकाणी यंत्रणा उभारण्यापेक्षा सायंआरतीच्या वेळी ती सुरळीत ठेवणे अधिक कठीण असते. त्या वेळी पायऱ्यांवर आणि होड्यांत बसलेल्या भाविकांचे मोबाइल एकाच वेळी संपर्क साधू पाहतात. मागील गल्ल्यांतील दुकाने व निवासस्थानांची वाय-फाय उपकरणेही त्याच लहरींवर चालत असतात. मोबाइलवर सर्व पट्ट्या दिसूनही पान उघडत नाही, याचे कारण बहुधा हेच असते. पट्ट्या संकेताचा जोर दाखवतात, त्यात मिसळलेला गोंगाट दाखवत नाहीत.

भारतात २.४ ते २.४८३५ गिगाहर्ट्झ हा पट्टा २००५ मध्ये परवानामुक्त झाला. जो पट्टा सर्वांना खुला, त्यात व्यत्ययाविरुद्ध दाद मागण्याची सोय कोणालाच नाही. या पट्ट्यातील चॅनेल एकमेकांपासून अवघ्या ५ मेगाहर्ट्झ अंतरावर आहेत, तर प्रत्येक उपकरण सुमारे २० मेगाहर्ट्झ जागा व्यापते. त्यामुळे परस्परांवर न चढणारी चॅनेल तीनच उरतात: १, ६ आणि ११. शेजारी ६ वर असल्यास ७ निवडणे हा उपाय वाटतो, पण त्याने त्रास वाढतो. एकाच चॅनेलवरील उपकरणे एकमेकांना ओळखून आळीपाळीने बोलतात. अर्धवट चढलेल्या चॅनेलवर मात्र प्रत्येकाचे बोलणे दुसऱ्यासाठी निव्वळ गोंगाट ठरते. ऑक्टोबर २०१८ मध्ये ५ गिगाहर्ट्झच्या परिसरात ६०५ मेगाहर्ट्झ जागा खुली झाली, तेव्हा दाट वस्त्यांना मोठा दिलासा मिळाला. या लहरी दगडी भिंतींतून कमी पार होतात. घाटावर हा दोष गुणच ठरतो.

प्रक्षेपणाची शक्ती वाढवणे हा सर्वांना सुचणारा उपाय आहे, आणि तो सहसा फसतो. मनोऱ्याचा आवाज मोबाइलपर्यंत पोहोचतो, पण मोबाइलचे क्षीण उत्तर मनोऱ्याला ऐकू येत नाही. अँटेना मात्र बोलणे आणि ऐकणे दोन्ही सुधारतो. तो नवी ऊर्जा निर्माण करत नाही. आहे ती एका दिशेला एकवटतो आणि इतर दिशांकडून येणारा गोंगाट कमी ऐकतो.

वाराणसीचे घाट गंगेच्या पश्चिम तीरावर चंद्रकोरीसारखे पसरले आहेत. मागे उंच दगडी वास्तू आहेत, तर समोर पात्र आणि रेती. येथे सर्व दिशांना पसरणारा अँटेना बसवल्यास त्याची निम्मी शक्ती गल्ल्यांकडे वाया जाते आणि तिकडचा गोंगाट आत येतो. इमारतीच्या दर्शनी भिंतीवर, पायऱ्यांकडे किंचित झुकवलेला ९० किंवा १२० अंशांचा सेक्टर अँटेना अधिक योग्य. एका बलाढ्य केंद्राऐवजी कमी शक्तीची अनेक केंद्रे असावीत. शेजारच्या अहिल्याबाई घाटासाठी स्वतंत्र केंद्र ठेवून त्याला वेगळे चॅनेल द्यावे, म्हणजे दोन्हीकडील गर्दी एकमेकांच्या वाटेत येत नाही.

दूरच्या दोन बिंदूंना जोडायचे असेल, तर जाळीदार पॅराबोलिक अँटेना लागतो. याच गंगेच्या वरच्या अंगाला, कानपूरच्या आयआयटीने ‘डिजिटल गँजेटिक प्लेन्स’ या प्रकल्पात साध्या वाय-फायने अनेक किलोमीटर दूरची गावे जोडली. तेथे एक अडचण उभी राहिली. अँटेना कितीही एकाग्र असला तरी थोडी शक्ती बाजूला सांडतेच, आणि एकाच मनोऱ्यावर एक अँटेना बोलत असेल, तर दुसऱ्याला ऐकू येत नाही. भास्करन रामन आणि कामेश्वरी चेब्रोलू यांनी २००५ मध्ये मांडलेली तोड सोपी होती: मनोऱ्यावरील सर्व अँटेनांनी एकाच वेळी बोलावे आणि एकाच वेळी ऐकावे.

नदीपार जोडणीत पाण्याचाही विचार करावा लागतो. पृष्ठभागावरून परावर्तित झालेली लहर थेट लहरीत मिसळते. पावसाळ्यात पातळी चढली की तिचा मार्ग बदलतो, आणि उन्हाळ्यात उत्तम चाललेली जोडणी श्रावणात अडखळू शकते. मानवी शरीरही या लहरी शोषते. त्यामुळे अँटेना माणसांच्या डोक्यांवरून सरळ दिसेल इतका उंच असावा आणि जागेची चाचणी रिकाम्या दुपारी न करता आरतीच्या वेळी करावी.