पेशीला मध्य कसा सापडतो?

'जीवाणूंचे द्विविभाजन होते' असे आपण फळ्यावर लिहितो, मधोमध आवळलेली एक पेशी काढतो आणि पुढच्या मुद्द्याकडे वळतो. पण एखाद्या मुलीने विचारले, "सर, पेशीला आपला मध्य कळतो कसा?" तर? प्रश्न वाटतो तितका भाबडा नाही.

आपल्या आतड्यातला ई. कोलाय हा जीवाणू जेमतेम दोन मायक्रोमीटर लांब. भरपूर अन्न मिळाले की तो दर २० मिनिटांनी दुप्पट होतो. त्याचे काही उत्परिवर्ती प्रकार ४२ अंश सेल्सिअसला वाढतात, पण दुभंगत नाहीत. त्यांचे लांबच लांब धागे होतात. त्यांच्यातला दोष शोधताना एफटीएसझेड हे प्रथिन हाती लागले. विभाजनाआधी त्याचे रेणू पेशीच्या मध्यावर जमून कडे तयार करतात, हे १९९१ साली दिसले. नवी भिंत या कड्याच्या जागीच बांधली जाते.

कडे मध्यावरच का? मिन नावाची प्रथिने पेशीच्या एका टोकाकडून दुसऱ्याकडे सारखी ये-जा करतात. एक फेरी साधारण मिनिटभराची. ती असतात तिथे कडे जमू देत नाहीत. त्यांचा वावर टोकांशी जास्त, मध्याशी सर्वांत कमी. झालेच काम! (१९९९ साली ही ये-जा प्रत्यक्ष दिसली. मला ती चित्रफीत पाहून घरचा झोपाळा आठवला होता.) मिन बिघडली तर भिंत टोकाशी पडते आणि डीएनए नसलेली चिमुकली पेशी सुटी होते.

आता औषधांकडे पाहू. पेनिसिलिन भिंत सांधणाऱ्या विकरांना निकामी करते. जुनी भिंत कापणारी विकरे मात्र चालूच राहतात, आणि पेशी फुटते. म्हणजे मरते ती वाढणारी पेशी. स्वस्थ बसलेली वाचते.

क्षयाचा जीवाणू इथेच आपल्याला जेरीस आणतो. त्याला दुप्पट व्हायला १५ ते २० तास लागतात, आणि काही पेशी तर जवळजवळ थांबलेल्या असतात. त्याच्यावरची आयसोनियाझिडसारखी औषधेही वाढत्या पेशींवरच प्रभावी ठरतात. ई. कोलायसारखी मिन व्यवस्था या कुळात नाही. पेशी टोकांनी वाढते, तीही असमान. म्हणून दोन्ही कन्यापेशी सारख्या नसतात. याच कुळातल्या एका निरुपद्रवी जीवाणूत अशा बहिणींवर औषधाचा परिणामही वेगवेगळा होतो, असे २०१२ साली आढळले.

उपचार सहसा सहा महिने चालतात. दोन महिन्यांत खोकला थांबतो, वजन वाढते आणि रुग्णाला गोळ्या नकोशा होतात. त्या वेळी त्याच्या फुप्फुसात उरलेले असतात ते हेच सावकाश चालणारे.