नखात लिहिलेली गोष्ट

बालमित्रांनो, शाळेत बाई नखं तपासतात त्या फक्त मळ बघायला, असं तुम्हाला वाटतं ना? पण नख आणखी पुष्कळ काही सांगतं बरं का!

नख केराटिन नावाच्या प्रथिनाचं बनतं. केसही त्याचेच. नखाच्या बुडाशी, कातडीखाली, त्याचा जणू कारखानाच असतो. तिथं तयार झालेलं नख महिन्याला साधारण ३ मिलिमीटर पुढं सरकतं. हाताचं अख्खं नख नव्यानं यायला सुमारे सहा महिने लागतात. म्हणजे आज नेलकटरनं कापलेलं टोक कित्येक महिन्यांपूर्वी बनलेलं! मध्यंतरी मोठं आजारपण आलं तर नखावर आडवी खाच उमटते. अंगात लोह फार कमी पडलं तर नख चमच्यासारखं खोलगट होतं.

आपल्या छत्रपती संभाजीनगरच्या शेजारचा बुलढाणा जिल्हा. तिथल्या शेगाव तालुक्यातल्या काही गावांत डिसेंबर २०२४च्या अखेरीस माणसांचे केस अचानक गळू लागले. लहान मुलांचेसुद्धा! आधी पाण्यावर संशय आला, मग बुरशीवर. एप्रिल २०२५मध्ये त्याच भागातल्या काहींची नखंही ठिसूळ होऊन गळू लागली. केस आधी, नखं मागाहून. नख सावकाश वाढतं, म्हणून बुडाशी झालेली इजा उशिरा दिसते.

जालना जिल्ह्यातल्या देहेड गावचे सुपुत्र, विंचूदंशावरच्या संशोधनासाठी प्रसिद्ध असलेले पद्मश्री डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी याचा शोध घेतला. रुग्णांच्या रक्तात, केसांत आणि त्यांच्या खाण्यातल्या रेशनच्या गव्हात त्यांना सेलेनियम फार जास्त आढळलं. काही भागांतल्या जमिनीत ते मुळातच जास्त असतं. तिथून ते पिकात उतरतं.

गंमत पाहा, हेच सेलेनियम आपल्या शरीराला कणभर हवंच असतं. पण अति तिथं माती! जास्त झालं की ते केराटिनमधल्या गंधकाची जागा बळकावतं आणि केस, नखं कमजोर होतात.

असं सेलेनियमचं दुखणं एकमेकांना शिवून होत नाही. तेव्हा मित्रांनो, वर्गात कुणाचं नख जाड, वाकडं किंवा खडबडीत दिसलं तर हसू नका, त्याच्याजवळून उठून जाऊ नका. आणि पालकहो, मुलाच्या नखाचा रंग किंवा आकार बदलला तर नेलपॉलिशखाली झाकू नका. डॉक्टरांना दाखवा, आपल्या घाटी रुग्णालयात त्वचारोग विभाग आहे.

आज आंघोळ झाली की दहाही नखं उजेडात धरून नीट पाहा बरं!