एक रिसॉर्ट चालेल, पन्नास चालतील का?

दापोली तालुक्यातल्या मुरुडला नारळी-पोफळीच्या वाड्या संपल्या की सुरूची झाडं लागतात आणि पुढे पुळण. अशा वाडीतल्या विहिरीत गोडं पाणी असतं, कारण ते हलकं असल्याने जमिनीखालच्या खाऱ्या पाण्यावर तरंगतं. उपसा बेताचा असेल तोवर ते टिकतं. रिसॉर्टं वाढून उपसा वाढला की पाणी मचूळ होतं. विकास आराखडा करताना विचार व्हायला हवा तो याचा. त्यासाठीच धोरणात्मक पर्यावरणीय मूल्यांकन असतं, म्हणजे आराखडा ठरण्याआधीच त्याचा पर्यावरणावरचा एकत्रित परिणाम तपासणं. त्याविषयीचे काही गैरसमज पाहू.

गैरसमज : परवानग्या घेतल्या, म्हणजे सगळं तपासलं गेलं.
वस्तुस्थिती : 2006 च्या अधिसूचनेनुसार 20,000 चौरस मीटरपेक्षा लहान बांधकामाला सहसा पर्यावरण मंजुरी लागत नाही. 2019 चे किनारा नियम भरतीरेषेपासूनचं अंतर बघतात : दर चौरस किलोमीटरला 2161 पेक्षा कमी वस्ती असलेल्या गावांत 200 मीटरचा ना विकास पट्टा. एक नियम आकार मोजतो, दुसरा अंतर. सगळ्या रिसॉर्टांनी मिळून किती पाणी उपसलं, सांडपाणी कुठे सोडलं, याची बेरीज दोन्हींत नाही.

गैरसमज : हे मूल्यांकन म्हणजे एकेका प्रकल्पाच्या पर्यावरण अहवालाचीच जाडजूड आवृत्ती.
वस्तुस्थिती : फरक जाडीचा नाही, वेळेचा आहे. प्रकल्प अहवाल येतो तोवर जागा ठरलेली असते. उरतो तो ‘नुकसान कमी कसं करायचं’ एवढाच प्रश्न. धोरणाच्या टप्प्यावर मात्र ‘इथेच का, किती, आणि दुसरा पर्याय कोणता’ हे विचारता येतं. युरोपीय संघाने 2001 च्या निर्देशाने अनेक सरकारी आराखड्यांना ते बंधनकारक केलं. भारतात तशी सर्वसाधारण कायदेशीर सक्ती नाही.

गैरसमज : हे परदेशी खूळ; कोकणाशी त्याचा संबंध नाही.
वस्तुस्थिती : माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालील पश्चिम घाट समितीने 2011 च्या अहवालात रत्नागिरी-सिंधुदुर्गाचा खास विचार केला. सुटे सुटे प्रकल्प तपासून भागणार नाही, एकत्रित परिणाम आणि धारणक्षमता (परिसर किती भार पेलू शकतो ते) पाहा, असं तिचं म्हणणं होतं. पुढे ‘पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील गावं कोणती’ हा वाद गाजला आणि धारणक्षमता मागे पडली.

गैरसमज : यामुळे विकास रखडतो.
वस्तुस्थिती : कर्ज काढून इमारत उभी केल्यावर पाडण्याची नोटीस येणं, हे खरं रखडणं. मर्यादा आधी कळली तर पैसा योग्य जागी जातो. मात्र मूल्यांकन मसुद्याच्या आधी व्हावं, आराखडा करणाऱ्या खात्याबाहेरच्या तज्ज्ञांनी तपासावं आणि ठरावीक वर्षांनी पुन्हा पडताळावं. नाहीतर तेही एक कागदच.

आराखड्यावर हरकती-सूचना मागवल्या की मोघम विरोध किंवा मोघम पाठिंबा लिहू नका. एवढंच विचारा : मे महिन्यात आमच्या विहिरी किती माणसांना पुरतात, आणि हा आराखडा किती माणसांसाठी आहे?