पोळ्याचा मातीचा बैल

पिठोरी अमावास्या जवळ आली की पांढुर्णा-सौंसर भागात मातीच्या बैलांची जोडी घरोघरी लागते. 2023 साली छिंदवाड्यातून वेगळा झालेला हा पांढुर्णा जिल्हा मध्य प्रदेशातला असला, तरी बोली, सणवार आणि शेती विदर्भाशी जोडलेली: कापूस, संत्री, काळी जमीन. ज्यांच्या गोठ्यात बैल आहेत ते त्यांना सजवून पोळ्यात नेतात. ज्यांच्याकडे नाहीत ते मातीची जोडी पाटावर मांडून पूजतात. ट्रॅक्टर आले तशी ही दुसरी घरं वाढत गेली.

विदर्भातला मातीकामाचा हंगाम सलग चालतो. गोकुळाष्टमीला कानोबा, मग पोळ्याचे बैल, पाठोपाठ गणपती, आणि भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत मुलींची भुलाबाई. कानोबा-गणपतीला कसबी हात लागतो. बैल मात्र घरचं पोरही करू शकतं, म्हणून मला तो सगळ्यांत मोलाचा वाटतो.

शेतातली काळी माती उचलून सरळ बैल केला तर टिकत नाही. ही माती पाणी पिऊन फुगते आणि वाळताना आकसते. उन्हाळ्यात शेताला भेगा पडतात त्याच कारणाने बैलाचं पोट फाटतं. म्हणून ती कुटून, चाळून रात्रभर भिजवायची, थोडी बारीक रेती किंवा चाळलेली राख मिसळायची आणि हाताला चिकटेनाशी होईपर्यंत मळायची. मग धड. लांबट गोळ्यातूनच चारही पाय ओढून काढले तर उत्तम. वेगळे जोडायचे तर दोन्ही बाजू काडीने खरवडून मध्ये पातळ चिखल लावावा लागतो. खरी परीक्षा शिंगांची. बारीक असल्याने ती आधी वाळतात, धड मात्र ओलंच असतं; त्या ओढाताणीत सांधा सुटतो आणि शिंग गळून पडतं. तेव्हा शिंगांना ओलं फडकं गुंडाळायचं, बैल सावलीत ठेवायचा आणि थांबायचं.

मन शांत व्हावं म्हणून मातीकाम करा, असं हल्ली शहरांत सांगतात. ते मला पटतं, आणि त्याचं कारण या थांबण्यात दिसतं. ओल्या मातीपुढे कुणाची घाई चालत नाही, आणि चिखलाने भरलेल्या हाताने मोबाइलही उचलता येत नाही.

शिवाय नीट पाहावं लागतं. हा मुलूख गवळाऊ गुरांचा: पांढरा रंग, लांब निमुळतं तोंड, मागे झुकलेलं कपाळ, आखूड बोथट शिंगं. साच्यातून बैल काढणाऱ्याला यातलं काही ठाऊक नसलं तरी चालतं. हाताने घडवणाऱ्याला मात्र वशिंड नेमकं कुठून उचलायचं, मागचा पाय कुठे वळवायचा, हे ठरवावंच लागतं. त्यासाठी एकदा गोठ्यापर्यंत जाऊन यावं लागतं.

हातांची मातीकडची ही ओढ फार जुनी आहे. पुणे जिल्ह्यात इनामगावला डेक्कन कॉलेजच्या उत्खननात तीन हजार वर्षांहून जुन्या घराच्या जमिनीखाली न भाजलेल्या मातीचा बैल आणि बिनडोक्याची स्त्रीमूर्ती सापडली. बैलाच्या पाठीला भोक आहे, मूर्तीच्या पोटालाही. काडी घालून मूर्ती बैलावर बसवता येते. कच्च्या मातीची ही जोडी कुणीतरी जपून पुरली होती.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात मुलं लाकडी बैल घेऊन तान्हा पोळा साजरा करतात. त्याच दिवशी पांढुर्ण्यात जाम नदीवर गोटमार होते. पात्रात रोवलेल्या पळसाच्या झाडावरच्या झेंड्यासाठी पांढुर्णा आणि सावरगावची माणसं एकमेकांवर दगड फेकतात. माणसं जखमी होतात, काहींचे जीवही गेले आहेत. बाहेर या गावाची ओळख त्या दगडांची झाली, याचं मला फार वाईट वाटतं.

म्हणूनच इथल्या शाळांनी पोळ्याआधीचा आठवडा मातीला द्यावा असा माझा आग्रह आहे. गावच्या कुंभाराला वर्गात मानाने बोलवावं, साचे आणू नयेत, रंग शेवटच्या दिवसापर्यंत कपाटातच ठेवावेत. पहिल्या वर्षी पुष्कळ शिंगं गळतील. वाळून तुटलेला बैलही फोडून, भिजवून पुन्हा मळता येतो. तेव्हा शाळेला मोठा खर्च पडेल तो कुंभाराच्या मानधनाचा, आणि तो तिने आनंदाने करावा.