नजर अधू झाली तरी घरकाम

आपल्या शेतकरी घरांत एखाद्या वृद्ध बाईची नजर गेली की घरची मंडळी तिला ओसरीवर बसवितात आणि "आता तू काही करू नकोस" म्हणून सांगतात. हे प्रेमानेच होते. पण जिने चाळीस वर्षे भाकऱ्या थापल्या, तिचे डोळ्यांबरोबर हातही काढून घेतल्यासारखे ते होते. एका संध्याकाळी मी अशाच एका घरी गेलो, तर आजी काळोखात शेंगा फोडीत बसलेल्या. मला म्हणाल्या, "फादर, दिवा लावा, मला नको, तुम्हांला लागेल."

अशा घरात शिकायचे ते आधी डोळसांनी. वस्तू जागची हलवू नये, हलविली तर सांगावे. दार पूर्ण उघडे किंवा पूर्ण बंद ठेवावे. अर्धवट दार कपाळावर बसते. उंबऱ्यात खोरे, पाटी टाकू नये. मागच्या दारापासून गोठ्यापर्यंत कमरेच्या उंचीवर एक दोरी ताणून बांधली तर हाताच्या आधाराने जाता येते. थोडे दिसत असेल, तर पायरीच्या कडेला चुन्याचा पांढरा पट्टा ओढावा.

चुलीजवळ पदर कमरेला घट्ट खोचावा. गॅस असेल तर भांडे आधी शेगडीवर नीट बसवावे, मग पेटवावा. फोडणी झाली की नाही हे मोहरीची तडतड सांगतेच. गार पाणी ओतताना पेल्याच्या काठावर आत बोट ठेवले की पेला भरल्याचे कळते. गरम चहाला मात्र हे करू नये. पेला परातीत ठेवून चहा पळीने मोजून घालावा. मिठाच्या डब्याला एक रबर, साखरेच्या डब्याला दोन, एवढी खूण पुरते.

जेवणाचे पान वाढण्याची आपली जुनी रीत येथे फार उपयोगी पडते. मीठ वर, चटणी-कोशिंबीर डावीकडे, भाजी उजवीकडे. सुनांना ती जुनाट वाटते, पण न दिसणाऱ्याचा हात त्याच रीतीने बरोबर जातो.

आता सर्वांत महत्त्वाचे. फवारणीच्या विषालाही आपण औषधच म्हणतो आणि खोकल्याच्या बाटलीलाही औषधच. हाताला दोन्ही बाटल्या सारख्याच लागतात. म्हणून फवारणीचे औषध घरात आणूच नये, बाहेर कुलुपात ठेवावे. उरलेले थोडेसे दुसऱ्या बाटलीत ओतून ठेवण्याची सवय तर आजच मोडा. चुकून कोणाच्या पोटात गेलेच, तर उलटी करवू नका. ती बाटली बरोबर घेऊन ताबडतोब दवाखाना गाठा. रॉकेलचेही तसेच.

पैशांच्या बाबतीत, शंभराच्या नव्या नोटेच्या दोन्ही कडांना उठावाच्या चार तिरप्या रेघा असतात, पाचशेच्या नोटेला पाच. नोट जुनी झाली की त्या झिजतात. तेव्हा प्रत्येक नोट वेगळ्या घडीची ठेवावी.

आणि "वय झाले, दिसणार नाहीच" असे घरीच ठरवू नका. मोतीबिंदू असेल तर शस्त्रक्रियेने बहुधा पुन्हा दिसते, आणि सरकारी रुग्णालयांत ती मोफत होते. काचबिंदूने गेलेली नजर परत येत नाही. उरलेली राखण्यासाठी डॉक्टरांनी दिलेले थेंब रोज घालावे लागतात. मधुमेह असणाऱ्यांनी नजर चांगली असली तरी वर्षातून एकदा डोळ्यांचा पडदा तपासून घ्यावा. भातकापणी संपली की आजींना घेऊन जा.