कवच उतरवून दिलेली मदत : ‘स्टार ट्रेक’मधले शत्रू आणि त्यांचे साहाय्यकर्ते

‘स्टार ट्रेक’चा सहावा चित्रपट ‘द अनडिस्कव्हर्ड कंट्री’ ६ डिसेंबर १९९१ रोजी प्रदर्शित झाला. त्याची सुरुवात एका नाकारलेल्या मदतीने होते. ‘एक्सेल्सियर’ हे अंतराळजहाज तीन वर्षांची मोहीम आटोपून परतत असताना त्याला एका प्रचंड ऊर्जालहरीचा तडाखा बसतो. लहर क्लिंगॉन साम्राज्याच्या दिशेकडून आलेली असते. त्यांच्या मूळ ग्रहाचा ‘प्रॅक्सिस’ नावाचा चंद्र, म्हणजे साम्राज्याचे मुख्य ऊर्जाकेंद्र, बेसुमार खाणकाम आणि ढिसाळ सुरक्षाव्यवस्था यांमुळे फुटलेला असतो. जहाजाचा कप्तान हिकारू सुलू ताबडतोब विचारतो, की मदत हवी आहे का? पडद्यावर आधी एक होरपळणारा, ओरडणारा क्लिंगॉन दिसतो. ते चित्र कापले जाते आणि एक अधिकारी शांतपणे सांगतो, की एक अपघात झाला होता, परिस्थिती आटोक्यात आहे, साहाय्याची गरज नाही. तहाची कलमे पाळा आणि तटस्थ पट्ट्याच्या बाहेर राहा. अर्धा चंद्र नाहीसा झालेला असतो, आणि क्लिंगॉन ग्रहाजवळ सुमारे ५० वर्षे पुरेल एवढाच प्राणवायू उरलेला असतो.

सुलूच्या प्रश्नात राजनीती नाही. संकटात सापडलेल्याला विचारायचे, एवढाच खलाशाचा जुना रिवाज तो पाळतो. उत्तर मात्र संपूर्ण राजकीय आहे. मदत घ्यायची तर आधी नुकसान कबूल करावे लागते, आणि शत्रूपुढे नुकसान कबूल करणे म्हणजे त्याला आपले मर्म दाखवणे. बांधावरून कोर्टात दावा चालू असलेल्या भाऊबंदाकडून दुष्काळात पायलीभर ज्वारी घेताना माणूस जसा चाचरतो, तसेच हे आहे. १९६६ पासून या कथाविश्वाने हा प्रसंग पुन्हा पुन्हा, दर वेळी वेगळ्या जागी बोट ठेवून मांडला आहे, आणि त्याची उत्तरे एकसारखी नाहीत.

जीन रॉडनबेरी यांनी निर्माण केलेली मूळ मालिका ८ सप्टेंबर १९६६ रोजी अमेरिकेच्या एनबीसी वाहिनीवर सुरू झाली आणि तीन हंगामांत तिचे ७९ भाग झाले. (ऐंशीच्या दशकात ती दूरदर्शनवरही दिसली, त्यामुळे कर्क आणि स्पॉक ही नावे मराठी घरांतही पोहोचली.) मानव, व्हल्कन आणि इतर ग्रहवासीयांचे संघराज्य म्हणजे फेडरेशन, त्याचे आरमार ते स्टारफ्लीट. समोर दोन प्रतिस्पर्धी सत्ता : युद्धप्रिय क्लिंगॉन आणि गुप्तताप्रिय रोम्युलन. शीतयुद्धाच्या काळात लिहिल्या गेलेल्या या मांडणीत क्लिंगॉन म्हणजे सोव्हिएत संघ, हे प्रेक्षकांना सांगावे लागत नव्हते.

या विश्वाची एक तांत्रिक अट मदतीच्या प्रसंगांना विशेष धार देते. माणसे एका जहाजावरून दुसऱ्यावर नेणारे यंत्र, ट्रान्सपोर्टर, संरक्षक कवच चालू असताना काम करत नाही. जखमींना आपल्या जहाजावर घ्यायचे तर कवच उतरवावे लागते, आणि उतरवलेल्या कवचाच्या जहाजावर कोणीही मारा करू शकतो. त्यामुळे येथे दयाभाव नुसत्या शब्दांवर निभावत नाही. कप्तानाला स्वतःसह शेकडो सहकाऱ्यांचा जीव पणाला लावावा लागतो. ट्रान्सपोर्टरची कल्पना दर आठवड्याला यान उतरवण्याचे चित्रीकरण परवडत नसल्याने आली. तिच्यातून इतके चांगले नैतिक नाट्य निघेल, असे तेव्हा कोणाच्या मनात असेल असे वाटत नाही.

पहिला मोठा प्रसंग १५ डिसेंबर १९६६ रोजी प्रसारित झालेल्या ‘बॅलन्स ऑफ टेरर’ या भागातला. पॉल श्नायडर यांनी लिहिलेल्या या कथेत रोम्युलन पहिल्यांदाच समोर येतात. शंभर वर्षांपूर्वी पृथ्वीशी त्यांचे युद्ध झालेले असते, पण दोन्ही बाजूंनी एकमेकांचा चेहरा पाहिलेला नसतो. तहसुद्धा रेडिओवर झालेला. पाणबुडीयुद्धासारखा पाठलाग होतो, स्टारफ्लीटचे जहाज ‘एंटरप्राइज’ जिंकते आणि कप्तान कर्क वाचलेल्यांना आपल्या जहाजावर घेण्याची तयारी दाखवतो. जखमी रोम्युलन सेनापती ती आदराने नाकारतो आणि आपले जहाज स्वतःच उडवून देतो. मार्क लेनार्ड यांनी हा सेनापती असा उभा केला आहे, की सहानुभूती त्याच्याकडेही जाते. रोम्युलन लष्करी शिस्तीत शत्रूच्या हाती जिवंत सापडण्याला जागाच नसते. प्रस्ताव प्रामाणिक आहे, नकारही तितकाच प्रामाणिक आहे, आणि मधल्या मध्ये माणसे मरतात. मालिकेने या विषयावर नंतर बरेच लिहिले, पण इतके मोजके क्वचितच.

१९६८ च्या ‘डे ऑफ द डव्ह’मध्ये निकामी जहाजावरचे क्लिंगॉन ‘एंटरप्राइज’वर आणले जातात, पण दोन्ही गटांच्या द्वेषावर पोसणारा एक अदृश्य जीव त्यांच्यात लढाई पेटती ठेवतो, आणि त्याला हसून हाकलावे लागते. कल्पना मजेदार, पण दोष बाहेरच्या जीवावर ढकलून देणारी. १९८२ च्या ‘द रॅथ ऑफ खान’मधली ‘कोबायाशी मारू’ ही परीक्षा अधिक निर्दय आहे. प्रशिक्षणार्थी कप्तानाला तटस्थ पट्ट्यात अडकलेल्या मालवाहू जहाजाची हाक येते. वाचवायला आत शिरावे तर तहभंग होतो आणि क्लिंगॉन तुटून पडतात. न शिरावे तर माणसे मरतात. जिंकण्याचा मार्ग मुद्दामच ठेवलेला नाही. पुढच्याच चित्रपटात (१९८४) कर्क कड्यावर लोंबकळणाऱ्या क्लिंगॉन सेनापती क्रूगेला हात देतो. याच क्रूगेच्या हुकमाने कर्कच्या मुलाचा खून झालेला असतो. क्रूगे तो हात धरून वर येत नाही, कर्कलाच खाली ओढू पाहतो. कर्क त्याला लाथेने लाव्हारसात लोटतो. त्या मुलाचा मृत्यू सात वर्षांनी पुन्हा कथेत येतो.

‘द अनडिस्कव्हर्ड कंट्री’ची मूळ कल्पना लेनर्ड निमॉय यांची : बर्लिनची भिंत अवकाशात पडली तर काय होईल? निकोलस मेयर यांनी डेनी मार्टिन फ्लिन यांच्यासह पटकथा लिहिली आणि दिग्दर्शनही केले. प्रॅक्सिसच्या मागे चेर्नोबिल स्पष्ट दिसते. २६ एप्रिल १९८६ च्या त्या स्फोटाची बाहेरच्या जगाला पहिली चाहूल लागली ती दोन दिवसांनी, स्वीडनमधल्या फोर्समार्क अणुकेंद्रात किरणोत्सार आढळल्यावर. त्या संध्याकाळी मॉस्कोने अगदी त्रोटक निवेदन दिले. अमेरिकी सरकारने देऊ केलेली मदत आभार मानून नाकारण्यात आली. पण अस्थिमज्जारोपणाचे डॉक्टर रॉबर्ट गेल उद्योगपती आर्मंड हॅमर यांच्या मध्यस्थीने, म्हणजे खासगी वाटेने, मॉस्कोत पोहोचले. सरकारकडून घेता न येणारी मदत व्यक्तीकडून घेता येते, हा बारकावा चित्रपटाने सोडून दिला, हे खरे तर नुकसानच. अडीच वर्षांनी, ७ डिसेंबर १९८८ रोजी, आर्मेनियात भूकंप झाला तेव्हा सोव्हिएत नेते गोर्बाचेव्ह संयुक्त राष्ट्रसंघातील भाषणासाठी न्यूयॉर्कमध्ये होते. दौरा अर्धवट टाकून ते परतले आणि या वेळी अमेरिकेसह परदेशांची मदत उघडपणे स्वीकारली गेली.

चित्रपटातला चॅन्सेलर गॉर्कॉन हा गोर्बाचेव्हचाच भाऊ. प्रॅक्सिसनंतर तो तहाची इच्छा दाखवतो, स्पॉक मध्यस्थी करतो आणि कर्कला न विचारताच त्याचे नाव क्लिंगॉन शिष्टमंडळाच्या स्वागताला पुढे करतो. विरोध फेडरेशनच्या आतून होतो. ॲडमिरल कार्टराइट म्हणतो, की आश्रय दिला तर हे लोक आकाशगंगेतला गाळ ठरतील. त्यापेक्षा दुबळे झालेत तोवर त्यांना गुडघ्यावर आणावे. ही भूमिका ब्रॉक पीटर्स या कृष्णवर्णीय अभिनेत्याला दिल्यामुळे तिला वेगळीच बोच येते. क्लिंगॉन लोक मरत आहेत असे स्पॉक सांगतो, तेव्हा कर्कचा पहिला उद्गार असा असतो, की मरू द्यावे. ज्याने आयुष्यभर शत्रूला हात दिला त्याच्या तोंडून हे येणे, हा चित्रपटाचा सर्वांत धाडसी क्षण आहे. मुलाचा मृत्यू येथे हिशेबात येतो.

पुढे गॉर्कॉनवर हल्ला होतो. कर्क आणि डॉक्टर मॅकॉय मदतीला धावतात. मॅकॉयला क्लिंगॉन शरीररचना माहीत नसते, तरी तो मरणाऱ्या चॅन्सेलरचे हृदय चालू करण्याची धडपड करतो. गॉर्कॉन मरतो, आणि खटल्यात हीच धडपड अभियोक्ता जनरल चँग मॅकॉयविरुद्ध वापरतो. दोघांना रुरा पेंथे या बर्फाळ लघुग्रहावरच्या तुरुंगात धाडले जाते. खरा कट उघड होतो तेव्हा त्यात चँग, कार्टराइट आणि रोम्युलन राजदूत एकत्र असतात. शांततेच्या विरोधात तीन वैऱ्यांनी एकमेकांना इतके मनापासून साहाय्य केलेले पाहताना मेयर यांच्या खवचटपणाला दाद द्यावी लागते. चित्रपट पडद्यावर आल्यानंतर तीन आठवड्यांच्या आत सोव्हिएत संघ विसर्जित झाला. रॉडनबेरी त्याआधी, २४ ऑक्टोबरला, वारले होते.

मदत देणाऱ्याच्या अटी हा विषय मात्र मालिकेत उपेक्षित राहिला. इतिहासात तोच सर्वांत कठीण असतो. १९२१ च्या रशियन दुष्काळात हर्बर्ट हूव्हर यांच्या अमेरिकन रिलीफ ॲडमिनिस्ट्रेशनने अन्न देऊ केले, तेव्हा बोल्शेविक सरकारशी रीगा येथे करार व्हावा लागला. वाटपावर ताबा कोणाचा, हा वादाचा गाभा होता. सोव्हिएत गुप्त पोलिसांनी पाळत ठेवली, तरी ऐन भरात एक कोटीहून अधिक लोकांना रोज अन्न पोहोचत होते. ऑक्टोबर २००५ च्या काश्मीर भूकंपानंतर भारताने हेलिकॉप्टरे देऊ केली. पाकिस्तानला ती भारतीय वैमानिकांशिवाय हवी होती, आणि तसे देणे भारताला मान्य नव्हते. तंबू आणि औषधे मात्र सीमेपलीकडे गेली, नियंत्रण रेषेवरचे काही मार्गही उघडले.

‘द नेक्स्ट जनरेशन’ ही १९८७ मध्ये सुरू झालेली मालिका क्लिंगॉन मित्र झालेल्या काळात घडते, आणि ही मैत्री कशी झाली हे फेब्रुवारी १९९० च्या ‘यस्टरडेज एंटरप्राइज’ने सांगितले. नरेंद्र-३ या ग्रहावरच्या क्लिंगॉन तळावर रोम्युलनांची चार लढाऊ जहाजे तुटून पडतात. हाकेला धावते ते कप्तान रेचल गॅरेट यांचे जुने ‘एंटरप्राइज’. कालप्रवाहाच्या फटीतून ते भविष्यात फेकले जाते, आणि ते नसल्यामुळे इतिहास बदलतो : फेडरेशन आणि क्लिंगॉन यांच्यात वीस वर्षांहून अधिक काळ युद्ध चाललेले असते आणि फेडरेशन हरत आलेले असते. जहाज परत जाते, मरण्यासाठीच. तळ वाचत नाही; तरीही शत्रूसाठी हरणारी लढाई कोणी लढले, एवढेच क्लिंगॉनांना पुरते. सन्मानाला सर्वस्व मानणाऱ्या समाजाला याहून चांगल्या भाषेत काही सांगता आले नसते.

६ नोव्हेंबर १९८९ च्या ‘द एनिमी’ या भागात मैत्री अजून दूर असलेल्या रोम्युलनांची कथा येते. तटस्थ पट्ट्याजवळच्या वादळी ग्रहावर एक रोम्युलन यान कोसळते. एक जखमी ‘एंटरप्राइज’वर आणला जातो, त्याला जगवायला लागणारी पेशीद्रव्ये फक्त क्लिंगॉन वंशाच्या वॉर्फकडे असतात. वॉर्फचे आईवडील रोम्युलनांनी मारलेले. तो नकार देतो. जखमीही क्लिंगॉनाचे काही शरीरात घेण्याऐवजी मरणे पसंत करतो. कप्तान पिकार्ड विनवतो, पण हुकूम देत नाही, आणि रोम्युलन मरतो. त्याच वेळी खाली ग्रहावर अभियंता ला फोर्ज आणि तरुण रोम्युलन बोक्रा एकमेकांच्या आधाराने तग धरून असतात. त्यांना वर घ्यायचे तर कवच उतरवावे लागते, आणि समोर रोम्युलन सेनापती टोमालॅकचे जहाज शस्त्रे रोखून उभे. पिकार्ड कवच उतरवतो. बोक्रा नियंत्रणकक्षात प्रकट होतो, टोमालॅकला जिवंत दिसतो, आणि युद्ध टळते. एकाच भागात मदतीचे दोन शेवट दाखवून लेखकांनी कोणालाच पूर्ण बरोबर ठरवलेले नाही. वॉर्फचा नकार आजही प्रेक्षकांत वादाचा विषय आहे, आणि तसा तो असणे योग्यच.

१९९२ च्या ‘द नेक्स्ट फेज’मध्ये संकटात सापडलेल्या रोम्युलन विज्ञानजहाजाला मदत केली जाते आणि रोम्युलन आपल्या गुप्त प्रयोगाचे साक्षीदार उरू नयेत म्हणून साहाय्यकर्त्यांचेच जहाज उडवण्याचा बेत रचतात. जे. जे. एब्रॅम्स यांच्या २००९ च्या चित्रपटात तरुण कर्क पराभूत रोम्युलन शत्रू निरोला मदत देऊ करतो. निरो नाकारतो आणि कर्क सर्व शस्त्रे डागतो. शत्रू संपलेला, धोका टळलेला. हा प्रस्ताव देणाऱ्याला काहीच मोजावे लागत नाही, आणि म्हणून तो पोकळ वाटतो.

त्याच चित्रपटाच्या पार्श्वभूमीला रोम्युलस ग्रहाचा नाश आहे, आणि जानेवारी २०२० मध्ये सुरू झालेली ‘स्टार ट्रेक : पिकार्ड’ ही मालिका तेथून मदतीचा सर्वांत मोठा प्रश्न उचलते. सूर्याचा स्फोट होणार हे कळल्यावर ॲडमिरल पिकार्ड ९० कोटी रोम्युलनांच्या स्थलांतरासाठी १०,००० जहाजांचा ताफा उभारू लागतो. २३८५ मध्ये मंगळावरच्या गोदीवर यंत्रमानवांचा हल्ला होतो आणि ताफा नष्ट होतो. फेडरेशनमधल्या १४ प्रजाती जुन्या शत्रूसाठी एवढा खर्च नको म्हणत बाहेर पडण्याची धमकी देतात. मोहीम सोडून दिली जाते आणि पिकार्ड राजीनामा देतो. पुढे उलगडते, की हल्ला झात व्हाश या रोम्युलनांच्याच गुप्त पंथाने घडवला होता. यंत्रबुद्धीची भीती त्यांना आपल्या लोकांच्या जिवाहून मोठी वाटली. वश्ती या पुनर्वसन-ग्रहावर पिकार्ड चौदा वर्षांनी परततो, तेव्हा निर्वासित त्याला उपकारकर्ता मानत नाहीत. अर्ध्यावर सोडलेल्या मदतीचा राग मुळीच न आलेल्या मदतीच्या रागाहून मोठा असतो, आणि उपाहारगृहाच्या दारावर ‘फक्त रोम्युलनांसाठी’ अशी पाटी असते.

‘डिस्कव्हरी’ या मालिकेने कथा बत्तिसाव्या शतकात नेली. तेथे रोम्युलन आपल्या प्राचीन भाऊबंद व्हल्कनांसोबत एकाच ग्रहावर राहतात. स्पॉकने सुरू केलेले दोघांच्या एकीकरणाचे काम पूर्ण झाले आहे, ग्रहाचे नाव नि’वार झाले आहे, पण तो फेडरेशनमधून बाहेर पडलेला आहे. चौथ्या हंगामात परतण्याची बोलणी सुरू होतात आणि नको झाल्यास पुन्हा बाहेर पडण्याच्या कलमावर अडतात. तोडगा म्हणून दोन्ही बाजूंच्या तक्रारी वेळोवेळी तपासणारी एक स्वतंत्र समिती नेमली जाते.