हिवताप की मलेरिया?

‘हिव’ म्हणजे थंडी. मूळ शब्द ‘हिम’. आधी हुडहुडी, मग ताप, शेवटी घाम. ‘हिवताप’ या नावात रोगाचं लक्षणच आहे. ‘मलेरिया’त मात्र कारण सांगितलंय, तेही चुकीचं! इटालियन भाषेत ‘माला आरिया’ म्हणजे वाईट हवा. १८८० मध्ये लावेराँ यांना रुग्णाच्या रक्तात परजीवी दिसला. १८९७ मध्ये रोनाल्ड रॉस यांना सिकंदराबादला तो डासाच्या पोटात सापडला. नाव तेच राहिलं.

नवी मुंबईत पावण्यासारख्या कारखान्यांच्या भागात उग्र वास आला, की आपण नाक दाबतो. पण शहरात हिवताप पसरवणारा ॲनॉफिलीस डास वाढतो तो उघड्या टाकीतल्या स्वच्छ पाण्यात. म्हणून शब्दाचा अर्थ सांगून झाला, की मुलांसोबत शाळेच्या टाकीचं झाकण पाहून येऊ या.